‘तुमच्या खासदाराने असं मतदान केलं’ म्हणे! कधी केलं, कुठं केलं?

सध्या कोल्हापुरातल्या व्हॉट्सअप ग्रुपवर एक इमेज जोरात फिरतेय. वर मोठ्या अक्षरात ‘जागे व्हा कोल्हापूरकर, तुमच्या खासदाराने संसदेत कसं मतदान केलं बघा’ आणि खाली लाल-हिरव्या खुणा. सर्किट बेंच - विरोधात. शक्तिपीठ महामार्ग - बाजूने. ऊसदर - विरोधात. महिला आरक्षण - गैरहजर. मराठा आरक्षण - मत दिलं नाही. शेवटी बारीक अक्षरात ‘सगळं रेकॉर्डवर आहे, स्वतः चेक करा’. खासदाराचं नाव नाही, तारीख नाही, विधेयकाचं नाव नाही, तरी तालमीच्या ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळ्यांनी डोळे झाकून पुढं ढकललंय. चेक करा म्हणतायत ना, मग करूया की.

पहिलं सर्किट बेंच, म्हणजे मुंबई हायकोर्टाचं कोल्हापुरात बसणारं बेंच. भावांनो, यावर संसदेत मतदान झालेलंच नाही, विधानसभेतही नाही. राज्य पुनर्रचना कायदा १९५६ चा, त्याच्या कलम ५१(३) खाली हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने मुख्य ठिकाण सोडून दुसरीकडं बेंच बसवू शकतात, कोल्हापूरचं बेंच तसंच आलं. मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांनी अधिसूचना काढली, १७ ऑगस्ट २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत काम सुरू. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी यासाठी चाळीसेक वर्षं लढा दिला, त्यात कुठला पुढारी मंडपात येऊन बसला आणि कुठला फक्त फोटोपुरता आला हे त्या वकिलांना विचारा, ते नावानिशी सांगतील. पण जे मतदान झालंच नाही त्यात विरोधात बटण दाबलं कुणी आणि कसं?

शक्तिपीठचं पण तेच, फक्त जरा जास्त गुंतागुंत आहे म्हणून इथं थांबतो. नागपूर ते गोवा, मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटरचा हा रस्ता राज्याचा प्रकल्प आहे, केंद्राचा नाही. राबवणार राज्य रस्ते विकास महामंडळ, निर्णय राज्य मंत्रिमंडळाचा. २४ जून २०२५ च्या मंत्रिमंडळ बैठकीत २०,७८७ कोटींच्या तरतुदीला मान्यता मिळाली. लोकसभेत यावर ‘बाजूने’ मत द्यायला जागाच नव्हती. २०२४ ची विधानसभा तोंडावर होती तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली होती, तेव्हाही मतदान नाही, सरकारने काढली आणि सरकारनेच मागं घेतली.

मग जाब कुणाला विचारायचा? मंत्रिमंडळाला की. त्यात आपल्याच जिल्ह्यातले हसन मुश्रीफ आणि प्रकाश आबिटकर आहेत. आत कोण काय बोललं हे बाहेर आपल्याला पेपरातल्या बातम्यांवरूनच कळतं, पण निर्णय झाला की तो सगळ्या मंत्र्यांचा, राज्यघटनेत सामूहिक जबाबदारी म्हणून लिहून ठेवलंय. आणि आमदारांना विचारायचं तर प्रश्न असा पाहिजे की रस्त्यासाठी पैसे पुरवणी मागण्यांत (बजेटनंतर मागितलेल्या जादा पैशांत) किंवा बजेटमध्ये आले तेव्हा तुम्ही ते कमी करा अशी कपात सूचना दिली का, सभागृहात उभं राहून बोलला का? कागलच्या नाहीतर शिरोळच्या सभेत ‘एक इंच जमीन देणार नाही’ म्हणणं वेगळं आणि मुंबईत सभागृहात तेच म्हणणं वेगळं, कारण तिथलं वाक्य नावासकट छापलं जातं.

ऊसदर लगेच संपतो. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, संसद ठरवत नाही. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे, त्याखाली केंद्राची मंत्रिमंडळ समिती दरवर्षी दर जाहीर करते, २०२५-२६ साठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला (उसातून निघणारी साखर) क्विंटलला ३५५ रुपये. खासदाराचं मत यात कुणी घेतंच नाही.

आता महिला आरक्षण. इथं मात्र खरंच मतदान झालं, नावनिशीवार, कारण घटनादुरुस्ती होती आणि घटनादुरुस्तीला डोकी मोजावीच लागतात. २० सप्टेंबर २०२३, लोकसभेत ४५४ बाजूने आणि फक्त २ विरोधात. पण ‘तुमचा खासदार गैरहजर’ म्हणजे कोण? कोल्हापुरात पोस्ट वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढं आत्ताचे खासदार शाहू महाराज येणार आणि ते निवडून आले जून २०२४ ला! तेव्हा कोल्हापूरचे खासदार संजय मंडलिक होते, हातकणंगल्याचे धैर्यशील माने. ज्याच्यावर आरोप करायचाय त्याचं नाव लिहा की राव, लोकसभेच्या कामकाजात त्या दिवसाची नावं आहेत, तपासता येईल. नाव न लिहिण्याचा फायदा एवढाच की प्रत्येकजण आपल्याला नको असलेला माणूस त्यात बसवतो. हीच इमेज दोन्ही बाजूंच्या ग्रुपवर एकाच वेळी फिरते, त्याचं कारण हेच.

मराठा आरक्षणाचं ‘मत दिलं नाही’ वाचून तर हसावं का रडावं कळेना. १० टक्क्यांचा कायदा २० फेब्रुवारी २०२४ ला राज्य विधिमंडळाच्या विशेष अधिवेशनात एकमताने झाला. तिथं लोकसभेचा खासदार मत देणार कसा, गॅलरीतून? संसदेत या विषयाशी जोडलेलं मतदान झालं ते ऑगस्ट २०२१ ला, मागास प्रवर्ग ठरवायचा राज्यांचा अधिकार परत देणारी घटनादुरुस्ती. लोकसभेत ३८५ विरुद्ध शून्य. विरोधात एकही नाही.

आता त्या बारीक अक्षरातल्या वाक्याकडं येतो, ‘सगळं रेकॉर्डवर आहे’. लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथंच आहे. आपल्याकडं बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने पास होतात. पीठासीन अधिकारी म्हणतात अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, दोन्हीकडून आवाज येतो, कुठला आवाज मोठा ते खुर्चीवरचा माणूस ठरवतो, झालं, संमत! कोण होय म्हणालं, कोण गप्प बसलं, कोण कॅन्टीनमध्ये होतं याची काही नोंद नाही. एखाद्या सदस्याने हरकत घेऊन मतविभागणी, म्हणजे मतं मोजून घेण्याची मागणी केली आणि ती मान्य झाली तरच घंटा वाजते, दारं बंद होतात, बटणं दाबली जातात. मागून मिळतेच असंही नाही, २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत कृषी विधेयकांवर विरोधक मतविभागणी मागत होते आणि गोंधळात आवाजीनेच पास झाली. त्यामुळं त्या कृषी कायद्यांवर अमक्या खासदाराचं मत काय असा तक्ता कुणी पाठवला तर त्याला पहिलं विचारा, बाबा तुला ऐकू आलं होतं का?

आणि जिथं नोंद आहे तिथंही ते मत त्या माणसाचंच असतं असं नाही. १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षाने व्हिप, म्हणजे असंच मत द्या असा आदेश, काढला आणि सदस्याने उलटं मत दिलं किंवा दांडी मारली, आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. डिसेंबर २०१९ आठवा. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला शिवसेनेने ९ तारखेला लोकसभेत पाठिंबा दिला आणि ११ तारखेला राज्यसभेत सभात्याग केला. कोल्हापूर जिल्ह्याचे दोन्ही लोकसभा खासदार तेव्हा शिवसेनेचेच होते. दोन दिवसांत पक्षातल्या सगळ्यांचं एकाच वेळी मतपरिवर्तन झालं असं कुणी मानत असेल तर त्याला कोपरापासून नमस्कार.

म्हणून पुढारी धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये. उलट मतदानाच्या तक्त्यात ते लपतात. त्यांना खरं पकडायचं तर तारांकित प्रश्न (मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं ते) बघा, शून्य प्रहर (तातडीचे विषय मांडायची वेळ) बघा, शुक्रवारची खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या सदस्याने स्वतः मांडलेली) बघा, तिथं व्हिपची जबरदस्ती सहसा नसते आणि माणूस स्वतःच्या नावाने बोलतो. राजू शेट्टी हातकणंगल्याचे खासदार असताना २०१८ मध्ये त्यांनी शेतकऱ्यांची कर्जमुक्ती आणि हमीभावाचा हक्क अशी दोन खासगी विधेयकं लोकसभेत मांडली होती. शेट्टींचं राजकारण पटो न पटो, ती कागदावर आहेत. खासगी विधेयकाचा कायदा व्हायचा प्रकार आपल्याकडं १९७० नंतर झालेला नाही, तसं याही दोन्हींचं काही झालं नाही, २०१९ ला लोकसभा विसर्जित झाली आणि ती गेली. फिरणाऱ्या त्या तक्त्यात या कामाला ना लाल खूण ना हिरवी, कारण त्यावर मतदान झालंच नाही.