एकवीस मोदक आणि दोघांची मधली फळी

संघ जाहीर होतो तो सामन्याच्या साधारण तासभर आधी. मँचेस्टर युनायटेड ह्या इंग्लंडमधल्या फुटबॉल संघाचा सामना आठवड्याच्या मधल्या वारी असला, की आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. ओटा पुसून झालेला असतो, विरजण लावलेलं असतं, घर झोपलेलं असतं. मी फोनवर अकरा नावं वाचते, बोटांवर मोजते आणि पुन्हा मोजते. रुबेन अमोरिम प्रशिक्षक होते तेव्हा, म्हणजे जानेवारी २०२६पर्यंत, मधल्या फळीत, म्हणजे बचाव आणि आघाडी यांच्या मधे, दोघंच असायचे. पुढे काय होणार ते मला तेव्हाच कळलेलं असायचं. ते कितव्या मिनिटाला होतं, एवढंच बघायला मी जागी राहायचे.

त्यात इंग्लंडमध्ये वर्षातून दोनदा घड्याळ फिरवतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिकडचा रात्री आठचा सामना आपल्याकडे साडेबाराला, एरवी दीडला. शनिवारी दुपारी साडेबाराचा असला तर आपल्याकडे संध्याकाळी पाच किंवा सहा, पण ती पाहुण्यांची वेळ. म्हणजे निवांत असा सामना रात्रीच बघायचा आणि रात्री ओरडायची सोय नाही. गोल केला तरी तोंड उशीत, गोल खाल्ला तरी उशीत. एका मोसमात माझे दोन अभ्रे जातात.

"दोघं असले तर काय बिघडलं?" असं विचारणारे लोक घरोघरी असतात. त्यांच्यासाठी प्रात्यक्षिक देते. त्याला एक मोठं ताट आणि एकवीस मोदक लागतात. २७ ऑगस्ट २०२५ला गणेश चतुर्थी होती आणि त्याच रात्री साडेबाराला लीग कपात, म्हणजे हरला तो बाहेर अशा इंग्लंडमधल्या स्पर्धेत, युनायटेडची गाठ ग्रिम्सबी टाउनशी होती. ग्रिम्सबी म्हणजे चौथ्या पातळीवरचा संघ, मासेमारीच्या बंदराचा. त्यांचे पाठीराखे हवा भरलेले प्लास्टिकचे मासे घेऊन सामन्याला येतात. तर नैवेद्य दाखवून झाला की ताट पुढे ओढायचं.

आपले अकरा मोदक, समोरच्यांचे दहा. एकवीसच असल्यामुळे त्यांचा गोलरक्षक मांडता येत नाही. चालेल, आपलं कोणी तिथवर पोचत नाही.

ताटाच्या आपल्याकडच्या काठाशी एक मोदक, हा आपला गोलरक्षक. त्याच्यापुढे तीन सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू. त्यांच्यापुढे चौघांची ओळ: दोन्ही कडांना एकेक विंग बॅक, म्हणजे कडेनं बचावही करणारा आणि चढाईही, आणि मधे दोघं. त्यापुढे आणखी दोन आणि टोकाला गोल मारायला एकटा स्ट्रायकर. ही रुबेन अमोरिम यांची ३-४-२-१. आता समोरून नेहमीची ४-३-३ मांडा: मागे चार, मधे तीन, पुढे तीन. त्यांचे कडेचे दोन आपल्या विंग बॅकांना अडकवून ठेवतात. त्यांच्या एका स्ट्रायकरला राखायला आपले तीन सेंटर बॅक उभे आहेत, म्हणजे वरात मोठी आणि नवरदेव एक. आणि ताटाच्या बरोबर मध्यात आपले दोन, त्यांचे तीन.

त्या तिसऱ्याला कोण धरणार? पुढच्या दोघांतला एक मागे आणा: चेंडू मिळाल्यावर स्ट्रायकरपाशी द्यायला कोणी नाही. सेंटर बॅक पुढे सरकवा: हा सगळ्यांत बरा उपाय, पण त्यानं अर्धा सेकंद उशीर केला की पाठीमागे मैदान मोकळं. विंग बॅक आत घ्या: कड उघडी, तिथून आपल्या गोलासमोर चेंडू. कुठलाही मोदक हलवा, जिथून उचलला तिथं तुपाचा डाग तेवढा उरतो. माझं तर म्हणणं, प्रत्येक प्रशिक्षकाला मंडळानं एक ताट द्यावं.

उकडीची पारी करताना कड पातळ आणि मधला भाग जरा जाड ठेवायचा असतो. मध्य पातळ झाला, की वाफेवर गूळ सुटतो आणि मोदक बुडातून फुटतो. वरच्या कळ्या कितीही देखण्या असोत. सासूबाई हे मला दर भाद्रपदात ऐकवतात. मोदकांबद्दल ऐकवतात, पण माझ्या डोळ्यांपुढे कॅसेमिरो येतो.

त्या मोसमाच्या सुरुवातीला लीगमध्ये मधल्या जागी तोच होता, वय ३३, आणि त्याच्या शेजारी ब्रुनो फर्नांडिस. कॅसेमिरोला सामना आधी वाचता येतो, पण पाय वाचनाच्या मागून येतात. ब्रुनो जातीचा दहा नंबर, म्हणजे स्ट्रायकरच्या मागून गोलाच्या संधी घडवणारा. चाळीस मीटरचा पास त्याला दिसला की तो देणारच. तीनांतला एक लागतो आणि त्यातून गोल होतो, म्हणून तो हवाच. पण ही जोखीम समोरच्यांच्या गोलापाशी घेतली तर पास चुकल्यावर फार तर चेंडू जातो. तीच आपल्या अर्ध्यात घेतली आणि चेंडू गेला, तर मागे तिघं आणि समोरून पळत येणारे चौघं. माणूस तोच, पास तोच, फक्त वीस मीटर मागे उभा केलेला. मॅन्युएल उगार्ते बाकावर असायचा. तो चेंडू हिसकावून घेण्यात वाकबगार. घेतल्यावर त्याचं करायचं काय, हा प्रश्न त्याला आणि मला एकाच वेळी पडतो.

खरा हवा होता तो पाठीवर माणूस असताना गोलरक्षकाकडून चेंडू घेणारा, घेता घेता अर्धं वळून पुढे बघणारा आणि साधा दहा मीटरचा पास देणारा. अशा खेळाडूची चित्रफीत कोणी फिरवत नाही. त्याला विकत घेतल्यावर जर्सीही खपत नाहीत.

अमोरिम यांना ही अडचण कळत नव्हती असं नाही. स्पोर्टिंग लिस्बनला त्यांनी ह्याच रचनेवर २०२१ला तब्बल १९ वर्षांनी पोर्तुगालचं विजेतेपद मिळवून दिलं, २०२४ला पुन्हा. पण तिथे बहुतेक सामन्यांत चेंडू स्पोर्टिंगकडेच असायचा, समोरचे मागे दबून बसायचे, त्यामुळे मधे दोघं पुरायचे. विंग बॅकही कोण, तर पेद्रो पोरो आणि नुनो मेंडेस. इथे ते नोव्हेंबर २०२४मध्ये आले. मोसम सुरू झालेला, खेळाडू खरेदीची खिडकी बंद, आणि हाताखाली रॅशफर्ड, गार्नाचो, अँटनी असे कडेने पळणारे विंगर. ३-४-२-१ मध्ये विंगर ही जागाच नाही. मांडवात आलेल्या पाहुण्याला पंगतीत पाट नसावा तसं. सगळे एकेक करून गेले, कोणी उधारीवर, कोणी विकत. आणि रचना बदलणार का असं विचारलं, तेव्हा पोपनं सांगितलं तरी नाही, असं उत्तर आलं. इथे माझं मत साधं आहे: कापड बघून कपडा बेतावा. शिंप्यानं गिऱ्हाइकाला 'तुम्ही मापात या' म्हणायचं नसतं.

आता खरेदीकडे वळू, म्हणजे रुखवताकडे. रुखवतात जे मांडतात ते लोकांनी बघावं म्हणून. ताकाची रवी कोणी मांडत नाही. सकाळी संसार सुरू झाल्यावर पहिली तीच लागते. २०२५च्या उन्हाळ्यात युनायटेडनं आघाडीसाठी तिघं घेतले: वुल्व्जकडून माथ्यूस कुन्या, ब्रेंटफर्डकडून ब्रायन एम्ब्युमो, लाइपझिगकडून बेन्यामिन शेश्को. तिघांचे मिळून सुमारे २० कोटी पाउंड. अन्याय करायचा नाही म्हणून सांगते, आधीच्या मोसमात ३८ सामन्यांत ४४ गोल करून हा संघ १५वा आला होता, तेव्हा आघाडीला माणसं हवीच होती. कुन्या आणि एम्ब्युमो दोघं इंग्लंडमध्ये सिद्ध झालेले, हेही शहाणपणाचंच. पण चेंडू त्यांच्यापर्यंत नेणारा? रवी राहिली.

एवढे पैसे येतात कुठून, हे ज्याला कळलं त्याला फुटबॉलचं निम्मं दुःख कळलं. खेळाडू ६ कोटी पाउंडांना घेतला आणि पाच वर्षांचा करार केला, तर वहीत दरवर्षी १ कोटी २० लाखच खर्च पडतो. विकताना मात्र येणारी रक्कम, उरलेली किंमत वजा करून, त्याच वर्षाच्या जमेत. आणि अकादमीत लहानपणापासून वाढवलेल्या पोराची वहीतली किंमत शून्य, म्हणजे त्याला विकला की सगळाच नफा. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, २०२५-२६च्या मोसमापर्यंत तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पाउंडांवर तोटा दाखवता येत नव्हता. त्यामुळे वही आवळली की सगळ्यांची नजर आधी घरच्या पोरांकडे जाते. परसातली कोथिंबीर विकायची आणि बाजारातून पुदिना आणायचा.

स्कॉट मॅकटॉमिने असाच गेला. ऑगस्ट २०२४, इटलीतला नापोली संघ, सुमारे अडीच कोटी पाउंड. कबूल करते, 'द्या त्याला' म्हणणाऱ्यांत मीही होते. मधल्या फळीत त्याला चेंडू मागता येत नाही, हे माझं निदान होतं आणि ते चूकही नव्हतं. नापोलीत प्रशिक्षक अंतोनियो कॉन्ते यांनी त्याला चेंडू मागायला लावलंच नाही. समोरच्यांच्या गोलापुढच्या पेटीत उशिरा घुसायला लावलं, कारण ते त्याला येतं. लीगमध्ये १२ गोल. मग मे २०२५ मधल्या दोन रात्री बघा. २१ तारखेला स्पेनमधल्या बिलबाओत युरोपा लीग ह्या युरोपातल्या संघांच्या स्पर्धेची अंतिम लढत. त्या मोसमात लीगमध्ये १७व्या आलेल्या टॉटनहॅमकडून युनायटेड ०-१ हरलं. त्याच मोसमात, त्याच टॉटनहॅमकडून, चौथ्यांदा. २३ तारखेला मॅकटॉमिनेनं हवेत आडवं होऊन लाथ मारली, नापोली कॅल्यारीवर २-० जिंकून इटलीचं विजेतं झालं. दुसरा गोल रोमेलू लुकाकूचा, म्हणजे तोही आमचा माजीच. आमचे माजी एकत्र केले तर चांगला संघ होतो. फक्त तो आमच्याकडे नसतो.

बदली खेळाडूंबद्दल माझं धोरण पक्कं आहे. पाच बदल करता येतात, पण खेळ थांबवून तीनच वेळा; मध्यंतरातला बदल त्यात धरत नाहीत. तेव्हा दोघं एकदम, साठाव्या मिनिटाला. सत्तराव्यापर्यंत थांबलं तर नव्या माणसाला पायांत ऊब यायलाच दहा मिनिटं जातात. प्रशिक्षक थांबतात, कारण तीनपैकी एक थांबा दुखापतीसाठी राखायचा असतो, हे मला मान्य आहे. मान्य नाही ते शेवटी चार-चार आघाडीवाले उतरवणं. पाट वाढले म्हणून भात वाढत नाही. आणि सर्वांत अमान्य, हॅरी मॅग्वायर ह्या धिप्पाड सेंटर बॅकला स्ट्रायकर म्हणून पुढे पाठवणं.

मात्र १७ एप्रिल २०२५ला फ्रान्सच्या लियॉंविरुद्ध युनायटेड जादा वेळेत, ११४व्या मिनिटाला, २-४ मागे होतं. मॅग्वायरला पुढे पाठवला. सात मिनिटांत तीन गोल झाले, शेवटचा १२१व्या मिनिटाला त्याच्याच डोक्यानं, ५-४. पहाटे तीन वाजून गेले होते. उशी पुरली नाही, शेजारच्यांनी बेल वाजवली. माझ्या धोरणातलं हे कलम तेव्हापासून विचाराधीन आहे.

ग्रिम्सबीच्या रात्री मध्यंतराला ०-२ होतं. दुसरा गोल करणारा टायरेल वॉरन युनायटेडच्याच अकादमीतला, म्हणजे परसातली कोथिंबीर चौथ्या पातळीवर जाऊनही वास देते. पाऊस पडत होता आणि बाकापाशी बसून अमोरिम चुंबकाच्या सोंगट्या पाटीवर सरकवत होते. मी ताटात मोदक सरकवत होते. ७५व्या मिनिटाला एम्ब्युमो, ८९व्या मिनिटाला पुन्हा मॅग्वायरचं डोकं. २-२. लीग कपात ह्या फेरीला जादा वेळ नसतो, थेट पेनल्टी.

पेनल्टीचा क्रम ही शेवटची परीक्षा. पहिल्या पाचांत पायांत जीव असलेले आणि नेहमी मारणारे हवेत. कुन्याकडे पाचवी होती, ती घातली असती तर तिथेच संपत होतं, गोलरक्षकानं अडवली. शेश्को, साडेसहा कोटींहून जास्त किमतीचा स्ट्रायकर, दहाव्या क्रमांकावर आला. त्याच्यामागे उरला फक्त गोलरक्षक. स्ट्रायकरला दहावा ठेवण्यामागे काय विचार होता, हे मी ताटावर मांडून पाहिलं, मोदकांना पटलं नाही. अमोरिम बाकाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसले होते, बघत नव्हते. मीही दोनदा डोळे मिटले. एकूण २६ किक झाल्या, शेवटची एम्ब्युमोची, दांडीवर आपटली. १२-११, ग्रिम्सबी. पावणेतीन वाजत आले होते.

सकाळी सासूबाई उठल्या तेव्हा ताट टीपॉयवर तसंच होतं.

"अगं, ह्यातले दोन कुठे गेले?"

मधल्या फळीतले दोघं पेनल्टीच्या वेळी मी खाल्ले होते. रचना होती तशीच दिसत होती.