बाण वाल्मीकींना लागला नव्हता

आमच्या बेळगावकडच्या कवितेच्या ग्रुपांवर १ नोव्हेंबरचा काळा दिन जवळ आला की एक मजकूर हमखास फिरतो. यंदा तो मला सहा जणांनी पाठवला. मजकूर असा : ‘जखमेशिवाय कविता नाही. वाल्मीकींपासून इंदिरा संतांपर्यंत सगळे दुःखानेच मोठे झाले. आम्हा सीमावासीयांना तर वेदना वारशाने मिळाली आहे. ती जपा, औषधे घेऊन बोथट करू नका.’

आधी वाल्मीकी. व्याधाच्या बाणानं क्रौंच पक्षी मेला आणि वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक झाला, इथपर्यंत ठीक. पण बाण वाल्मीकींना लागला नव्हता. शिवाय तोंडून शब्द निघाल्यावर लगेच ते शिष्याला सांगतात, हे बघ, याचे चरण बांधलेले आहेत, अक्षरं सारखी आहेत, वीणेच्या लयीवर म्हणता येईल. म्हणजे कळवळला तो ऋषी, आणि अक्षरं मोजणाराही तोच. मजकूरवाल्यांनी अर्धीच गोष्ट उचलली की!

इंदिराबाईंचं तर मला फारच लागतं, कारण त्या आमच्या. मूळ गाव निपाणीजवळचं तवंदी, जन्म १९१४ चा, आयुष्य बेळगावात. त्यांचे यजमान ना. मा. संत १९४६ ला गेले, त्या विरहाची सावली कवितेवर आहे, कोण नाही म्हणतंय? पण दोघांचा एकत्र संग्रह ‘सहवास’ १९४० चा. कवयित्री आधीपासून होतीच. ‘शेला’ आला १९५१ ला, पाच वर्षांनी. त्या पाच वर्षांत लहान मुलं होती, संसार एकटीनं ओढायचा होता. आणि त्या काळी बेळगावात कपाळ पांढरं झालेल्या बायका काय कमी होत्या? दुःख पुरत असतं तर गल्लीगल्लीत एकेक इंदिरा संत झाली असती. त्याच घरातले प्रकाश नारायण संत वडील गेले तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्यांचं ‘वनवास’ आलं १९९४ ला, आणि त्यातला छोटा लंपन वाचताना माणूस आधी हसतो.

वारशाच्या वेदनेबद्दल जपून बोलतो, कारण १९५६ ला बेळगाव महाराष्ट्राबाहेर, आजच्या कर्नाटकात गेलं, हा अन्याय मलाही मान्य आहे. पण कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या संमेलनांत सीमेवरच्या कविता वर्षानुवर्षं ऐकतोय. टाळी जोरात पडते. परतीच्या बसमध्ये एक ओळ आठवत नाही. उलट निपाणीचे कथाकार महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले, तंबाखूच्या वखारीतल्या बायकांवर, गॅरेजमधल्या पोरांवर. त्यांनी माणसं बघितली.

राहिली औषधं. इथं मात्र मला राग येतो. वडील गेले त्या पावसाळ्यात मी खचलो होतो. मजकुराच्या हिशेबानं तेव्हा महाकाव्य व्हायला हवं होतं. चार महिन्यांच्या वहीत फक्त दुधाचा हिशेब आहे, तोही चुकलेला. शेवटी बायकोनं डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, झोप आली. फेब्रुवारीत पहिली ओळ सुचली. ती मरणावर नव्हती. वडिलांच्या सायकलीच्या कॅरिअरला कायम गुंडाळलेली जुनी ट्यूब असायची, तिच्यावर होती.