रेडकाला थंडी वाजते

थंडी सुरू झाली की आपल्या भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरू लागतो: ‘जनावरं गरम रक्ताची, त्यांना थंडी बाधत नाही. पेंग्विन बर्फात राहतात, मग गोठ्याला आडोसा कशाला? फारच गारठा असेल तर वासराला दोन घोट दारू पाजा.’ बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडे हे खरं मानून वागणारे आहेत, आणि त्यात रेडकं दगावतात.

गरम रक्त फुकट मिळत नाही. म्हशीचं अंग साडेअडतीस अंशांच्या आसपास राहतं ते वैरणीच्या जोरावर. पोटात वैरण आंबताना भरपूर उष्णता तयार होते, म्हणून पोटभर खाल्लेली मोठी म्हैस बेळगावची थंडी निभावून नेते. रेडकाचं पोट अजून रवंथाचं झालेलं नसतं, चरबी बेताची, आणि वजनाच्या मानानं कातडीचा पसारा मोठा. त्यात ते जन्मतं ओलं. पहाटे पारा 12-13 अंशांवर असताना वारं लागलं की अंगातली ऊब भराभर निघून जाते. कान गार पडतात, केस उभे राहतात. तोंडात बोट घातलं तर तोंडही गार लागतं आणि चोखण्यात जोर नसतो. इतकं झालं की वेळ थोडा उरतो.

पेंग्विनचं म्हणाल तर त्याच्या अंगावर दाट पिसं आणि खाली चरबीचा थर असतो. पायाकडे जाणारं गरम रक्त परतणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देतं, त्यामुळे पाय गार राहतात आणि धड गरम. 1950 मध्ये शोलँडर या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ध्रुवीय प्राण्यांची उष्ण प्रदेशातल्या प्राण्यांशी तुलना केली. ध्रुवीय कोल्ह्याला उणे 40 अंशांपर्यंतही ऊब राखायला फारसं जादा इंधन जाळावं लागत नव्हतं. उष्ण प्रदेशातल्या प्राण्यांना ते वीस-पंचवीस अंशांपासूनच जाळावं लागत होतं. आपली म्हैस विरळ केसांची, डुंबणारी. तिचा दाखला पेंग्विनशी कसा जुळेल?

दारूनं तर नुकसानच. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि आतली ऊब बाहेर पडते.

रेडकू जन्मलं की आधी कोरड्या पोत्यानं घासून पुसा आणि लवकरात लवकर चीक पाजा. खाली भाताचं पिंजर इतकं जाड घाला की बसल्यावर पाय त्यात झाकले जातील. वाऱ्याच्या बाजूला तट्ट्या लावा, पण वरचा झरोका बुजवू नका, मुताचा वास कोंडला तर छाती भरते.