ऑटिस्टिक माणूस स्वतःवर हसला तर घ्यायची काळजी

सर्वप्रथम, घाबरू नका. तुमच्या ओळखीतल्या एखाद्या ऑटिस्टिक (मराठीत 'स्वमग्न' म्हणतात) माणसाने स्वतःवर विनोद केला, तर ते प्रकृती बिघडल्याचं लक्षण नव्हे. आम्हाला विनोद कळत नाही असं तुम्ही इतकी वर्षं एकमेकांना सांगत आलात, त्यामुळे धक्का बसणं साहजिक आहे. पाणी प्या आणि खालच्या सूचना वाचा. खास तुमच्यासाठी लिहिल्यात, एका बैठकीत, न जेवता. विषय डोक्यात शिरला की आमचं असंच होतं. (हा विनोद होता. हसू नका, का ते पुढे येतंय.)

सूचना पहिली: हसू नका. परवा ऑफिसात दुपारच्या सुट्टीत माझ्या वाढदिवसाचा विषय निघाला. मी म्हटलं, "सरप्राइज जरूर द्या. फक्त तारीख, वेळ, येणाऱ्यांची यादी आणि कार्यक्रमपत्रिका आठ दिवस आधी मेल करा." टेबलावरचे सगळे हसले, कारण ते मला ओळखतात. एक मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्या दिवशी संवेदनशीलतेचं प्रशिक्षण द्यायला बाहेरून आल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं, आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, "असे विनोद करू नयेत हं. ऑटिस्टिक लोकांचा अपमान होतो त्याने."

"मी ऑटिस्टिक आहे."

"तरीसुद्धा."

त्या 'तरीसुद्धा'पुढे मी काय बोलणार? तर हे धोरण तुम्हीही उचला. ऑटिस्टिक लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून समोरच्या ऑटिस्टिक माणसाला आधी गप्प करा. माझा अपमान मी केलेला त्यांना चालला नाही. लगेच पुढच्याच वाक्यात त्यांनी तो स्वतः केला: "मग तुमची खास शक्ती कुठली? गणित का?"

सूचना दुसरी: डोळ्यांत डोळे घालून बोला. तो बघत नसेल तर आणखी जवळ सरका.

सूचना तिसरी, खास शक्तीबद्दल. ती असतेच. नसेल तर माणूस लपवतोय. १९८८ साली 'रेन मॅन' नावाचा सिनेमा आला. त्यात नायकाचा भाऊ जमिनीवर सांडलेल्या दात कोरायच्या काड्या एका नजरेत मोजतो: २४६. तेव्हापासून आमच्या अख्ख्या जमातीला काड्या मोजायच्या कामाला जुंपलंय. गंमत म्हणजे ज्या किम पीक यांना भेटून लेखकाला हे पात्र सुचलं, ते पीक स्वतः ऑटिस्टिक नव्हते, असं तज्ज्ञांचं मत पुढे झालं. तरी तुम्ही डगमगू नका. माझ्यासमोर काड्यांचा डबा सांडून बघा. मी अचूक सांगेन, "अरे, सांडल्या."

सूचना चौथी, आवडीबद्दल. ऑटिस्टिक माणसाला रेल्वे आवडते. हे गृहीत धरा, विचारत बसू नका. मला आजवर चावीची रेल्वे, रेल्वेचं कॅलेंडर आणि इंजिनाच्या आकाराची उशी भेट मिळालेली आहे. मला रेल्वेत काडीचा रस नाही. मला लिफ्ट आवडते.

"लिफ्ट? म्हणजे तेच की!" तेच कसं? बरं, "एवढं काय असतं हो लिफ्टमध्ये?" असं विचारायचं आणि उत्तराचं पहिलं वाक्य संपायच्या आत मोबाइल काढायचा, ही या सूचनेची मुख्य कृती. पण विचारलंच आहे तर सांगते. दोर तुटला की लिफ्ट धाडकन खाली येते असं तुम्हाला वाटतं. एक तर दोर एकटा नसतो, पाच-सहा असतात. दुसरं, दोरांच्या पलीकडच्या टोकाला प्रतिभार असतो, म्हणजे जड ठोकळे रचलेली एक उभी चौकट. तिचं वजन किती? लिफ्टच्या रिकाम्या डब्याइतकं, अधिक डब्यात मावणाऱ्या पूर्ण भाराच्या ४० ते ५० टक्के. म्हणजे तुम्ही एकटे आत असाल तर पलीकडची बाजू जड. ब्रेक निकामी झाला तर तुम्ही खाली पडणार नाही, वर जाल. वर! हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती, आनंदाने. तिसरं, वेग मर्यादेबाहेर गेला की गव्हर्नर नावाचं चाक अडकतं आणि डब्याला बसवलेले जबडे दोन्ही बाजूंचे रूळ पकडतात. हो, लिफ्टलाही रूळ असतात, उभे. (रेल्वेवाल्यांनी लगेच खूश होऊ नये.) १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लिफ्टचा सुरक्षा-ब्रेक शोधणारा इलायशा ओटिस लिफ्टच्या उंच फलाटावर उभा राहिला आणि त्याने भर गर्दीसमोर वरचा दोर कापायला लावला. फलाट जरासा घसरला आणि जागीच थांबला. तीन वर्षांनी तिथल्याच ब्रॉडवे रस्त्यावरच्या एका पाच मजली दुकानात माणसांसाठी लिफ्ट लागली. आज तुम्ही पन्नासाव्या मजल्यावर फ्लॅट बुक करता तो त्या दोर कापण्याच्या जोरावर. आणि १९४५ साली एम्पायर स्टेट बिल्डिंगवर धुक्यात बॉम्बर विमान आदळलं तेव्हा…

थांबते. नाही, का थांबू? लेख माझा आहे. विमान आदळलं, दोर तुटले, गव्हर्नरचा दोरसुद्धा, बेटी लू ऑलिव्हर नावाची लिफ्टचालक ७५ मजले खाली गेली आणि जगली. जगली! या वाक्यावर तुम्हाला काहीच होत नाही? मग खास वागणूक नक्की कुणाला हवी, मला का तुम्हाला?

आता खरी गोम सांगते. माझ्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ रोज जेवताना शेअर बाजाराचं चऱ्हाट वळतात. कुठला शेअर कधी घेतला, कधी विकला, विकला नसता तर आज कुठे असतो. ऐकणाऱ्यांच्या जांभया त्यांना दिसत नाहीत. समोरच्याला रस आहे का, हा प्रश्न त्यांना कधी पडलेला नाही. त्यांना कोणी तपासायला नेत नाही. उलट "काय अभ्यास आहे!" म्हणतात. मी प्रतिभारावर चार वाक्यं बोलले की टेबलावर नजरानजर होते आणि माझ्या आवडीचं लक्षण होतं. दोन्हीत फरक एवढाच की त्यांच्या विषयात पैसा आहे. डिना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन या अभ्यासकांनी २००५ साली मांडलं की ऑटिस्टिक मनाचं लक्ष एका वेळी थोड्याच विषयांत जातं, पण जातं ते खोल. तुमचं दहा ठिकाणी थोडं थोडं असतं, आमचं एकाच ठिकाणी सगळं. याची थट्टा आम्ही आपसांत रोज करतो. पण मी स्वतः "हिला लिफ्टबद्दल विचारू नका, जिना घ्या" म्हणणं वेगळं, आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्ही माझ्या पाठीमागे डोळे फिरवणं वेगळं. इतकी वर्षं तुमच्या गृहकर्जाच्या, गाडीच्या मायलेजच्या आणि नणंदेच्या लग्नाच्या कथा मी चेहरा नीट लावून ऐकल्या. मधूनमधून "हो का?" म्हणायचं, कुठे भुवया उंचवायच्या, सगळं पाठ करून. संध्याकाळी घरी जाऊन अंधारात पडून राहायचं. त्याला तुम्ही 'आता किती सुधारली' म्हणता.

जाऊ दे. सूचना पाचवी (मोजते आहे मी, निश्चिंत असा): "आपण सगळेच थोडेथोडे ऑटिस्टिक असतो" असं म्हणा आणि फुरफुरणाऱ्या ट्यूबलाइटखालच्या माझ्या खुर्चीत दिवसभर बसा.

सूचना सहावी: २ एप्रिलला, म्हणजे जागतिक ऑटिझम जागरूकता दिनाला, निळे कपडे घाला. ३ एप्रिलला धुवायला टाका.

सूचना सातवी: समोर बाई असेल तर शंका घ्या. "पण हे मुलग्यांना असतं ना?" १९४३ साली बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझमवरच्या आपल्या पहिल्या लेखात ज्या ११ मुलांबद्दल लिहिलं, त्यांत तीन मुली होत्या. म्हणजे पहिल्याच लेखात होत्या. पुढे कुठे गेल्या म्हणता? तुमच्यासमोर बसून "हो का?" म्हणत होत्या.

सूचना आठवी: आमच्यात सहानुभूती नाही हे लक्षात ठेवा. आणि ते आम्हाला तोंडावर सांगा, म्हणजे वाईट वाटणार नाही. मात्र डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञाचं म्हणणं वाचायचं टाळा. त्यांनी २०१२ साली साधी गोष्ट मांडली: आम्हाला तुम्ही कळत नाही, तसे तुम्हालाही आम्ही कळत नाही, मग दोष एकट्या आमच्याच पदरात का? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या होत्या आणि पहिल्याला सांगितलेली गोष्ट शेवटच्यापर्यंत किती पोचते ते बघितलं. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती तुमच्या साखळीइतकीच नीट पोचली. घोळ झाला तो मिश्र साखळीत. आता त्या आठांत 'संवाद बिघडलेला' कोण, ते ठरवा आणि मला कळवा. लेखी.

आमच्यात संवाद कसा चालतो? आम्ही चार-पाच जण अधूनमधून भेटतो. भेटायच्या वेळेबरोबर निघायची वेळही ठरते. मागे एकदा निघायची वेळ झाली आणि आमच्यातला एक जण स्वतःच्याच वाक्याच्या मध्यावर उठून गेला. कोणालाही राग आला नाही. उरलेलं वाक्य त्याने रात्री मेसेज केलं. आम्ही त्यावर इतके हसलो की आता निरोपाला 'अर्धं वाक्य' हेच नाव पडलंय. आणि हे काही आजचं नाही. १९९८ सालीच एका ऑटिस्टिक बाईने इंटरनेटवर एक थट्टेची संस्था काढली होती, 'न्यूरोलॉजिकली टिपिकल' माणसांच्या, म्हणजे तुमच्या, अभ्यासासाठी. तिथे तुमचं वर्णन अगदी तुमच्याच भाषेत होतं: विकार, लक्षणं, समाजात मिसळण्याचा अतिरेकी ध्यास. तुमच्या कानांवर आलं नसेल. साहजिक आहे, आम्हाला विनोद कळत नाही ना.

नववी सूचना लिहायला घेतली होती. नाही लिहीत. सोंग पुरे झालं.

शाळेत माझे हात हलायचे तेव्हा वर्ग हसायचा, बाईही हसायच्या. तेव्हा कोणी संवेदनशील नव्हतं. लोक हसणारच आहेत तर निदान आधी आपण हसावं, निदान विनोद बरा तरी असावा, हे मी तिथे शिकले. आता तो विनोद माझा झाला, मी तो हवा तेव्हा, हवा तिथे करते, तर तुम्हाला अचानक माझा सन्मान आठवला? नाकाने कांदे सोलायला माझं नाक कशाला हवं?

काही ऑटिस्टिक माणसांना असले विनोद आवडत नाहीत. खरं आहे, आणि तसं असायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. ते मला तोंडावर सांगतात, मी थांबते, दोन वाक्यांत मिटतं. त्यात तुमची गरज लागत नाही. ज्यांना बोलता येत नाही त्यांतले काही लिहून सांगतात, टॅबवर अक्षरं दाबून सांगतात, आणि तेव्हा तुम्हीच "हे त्याला कोणीतरी शिकवलं असणार" म्हणता. त्यांच्या नावाने मला गप्प करायचं आणि ते बोलले की त्यांनाही खोटं पाडायचं? लाज वाटायला हवी.

माझ्या वतीने अपमान करून घेणं बंद करा. अपमान झाला तर मी सांगेन, मला बोलता येतं. आमच्यावर प्रशिक्षण ठेवायचं असेल तर ऑटिस्टिक माणसाला बोलवा, "तुम्हालाही अनुभव मिळेल" असलं काही न सांगता मानधन द्या, आणि प्रश्न विचारलात तर उत्तर संपेपर्यंत तो मोबाइल खिशात ठेवा.