मॅनेजर बदलून संघ उभा राहत नसतो!

मँचेस्टर युनायटेड या आमच्या इंग्लिश फुटबॉल क्लबचा पाया आता नव्याने घालणार, असं पुन्हा कोणी सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. ऐकून ऐकून कान किटले. मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, सर ॲलेक्स फर्ग्युसन 2013 च्या मे महिन्यात निवृत्त झाले ते विसावं लीग विजेतेपद क्लबच्या पदरात टाकून. मग मॉइस आले, व्हॅन हाल आले, मोरिन्यो, सोल्शायर, रांगनिक, टेन हाग, अमोरिम. प्रत्येकाच्या वेळी नवी दिशा, नवं पर्व, थोडा धीर धरा. धरला की धीर! आणि 2024-25 चा मोसम संपला तेव्हा आम्ही कुठे होतो? पंधरावे. 38 सामन्यांत 18 पराभव आणि 42 गुण. 1974 साली संघ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरला होता, त्यानंतर इतकं खाली आम्ही कधीच गेलो नव्हतो.

आणि एवढं होऊनही चाहत्यांची भांडणं कशावरून? पुढचा मॅनेजर कोण यावरून!

अरे, मॅनेजर हा प्रश्नच नाही. म्हणजे आहे, पण पाचवा-सहावा. पहिला प्रश्न हा की आपल्या क्लबला कोणत्या पद्धतीचं फुटबॉल खेळायचंय, आणि ते ठरवायचं कोणी? 2013 पासून या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलेलं नाही. मॉइसना सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत घरी पाठवलं. व्हॅन हाल आले, त्यांना चेंडू पायात ठेवून सावकाश खेळायचं होतं. त्यांनी एफए कप ही इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा जिंकून दिली आणि दोन दिवसांत त्यांना काढलं. त्यांच्या जागी आणले मोरिन्यो, ज्यांना मागे थांबून प्रतिहल्ला करायला आवडतो. मग सोल्शायर, मग समोरच्या संघावर तुटून पडणारं फुटबॉल शिकवणारे रांगनिक. रांगनिक यांना मधेच आणलं आणि मैदानात मात्र छत्तीस वर्षांचा रोनाल्डो! ते बिचारे उघडपणे म्हणाले की या संघाची ओपन हार्ट सर्जरी करावी लागेल. ऐकलं कोणी? मोसम संपल्यावर ते दोन वर्षं सल्लागार म्हणून राहणार होते. तेही झालं नाही.

प्रत्येकाने आपापले खेळाडू मागितले, क्लबने घेऊन दिले, आणि पुढच्याने ते नको म्हणून बाजूला काढले. सगळं दुखणं यातच आहे. घराला दर दोन वर्षांनी नवा गवंडी आणायचा, त्याने आधीच्याची अर्धी भिंत पाडून आपली अर्धी उठवायची, आणि मग घर पडकं का दिसतं म्हणून पुन्हा गवंडीच बदलायचा, असला हा कारभार.

2024 चा उन्हाळा तर मी कधीच माफ करणार नाही. टेन हाग यांच्या हाताखाली आम्ही लीगमध्ये आठवे आलो होतो. शेवटी एफए कपच्या फायनलमध्ये मँचेस्टर सिटीला हरवलं, गार्नाचो आणि मेनू या दोन पोरांनी गोल केले, आणि तो दिवस खरंच सोन्याचा होता. मग क्लबने काय केलं? टेन हाग यांना ठेवायचं की नाही हे ठरवायला दोन-तीन आठवडे लावले, तेवढ्यात दुसऱ्या मॅनेजरांशी बोलणी केली, आणि कोणी जमेना म्हणून यांनाच ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, करार 2026 पर्यंत वाढवला! त्यांच्याच पसंतीने डी लिख्ट आणि मझरावी आणले, बाकीही खरेदी केली, शेकडो कोटींचा खेळ. आणि लीगचे नऊ सामने झाल्यावर, संघ चौदावा असताना, ऑक्टोबरच्या शेवटी त्यांना काढलं. जो माणूस तुम्हाला नको होता त्याला जून-जुलैमध्ये निरोप द्यायला कोणी हात धरले होते तुमचे?

बरं, काढलं तर काढलं. आणलं कोणाला? अमोरिमना. स्पोर्टिंग लिस्बनमध्ये त्यांनी 3-4-3 (मागे तीन, मधे चार, पुढे तीन) खेळवून नाव कमावलं, हे अख्ख्या युरोपला माहीत होतं. त्या रचनेचा जीव विंगबॅकमध्ये असतो. टोकापर्यंत धावून क्रॉस टाकायचा आणि चेंडू गेला की उलट धावत येऊन बचावात उभं राहायचं, हे नव्वद मिनिटं करणारी दोन माणसं लागतात. आमच्याकडे तशी किती होती? डाव्या बाजूला ल्यूक शॉ आणि मालासिया, दोघंही दीर्घ दुखापतींतून गेलेले. उरलेला संघ चौघांच्या बचावफळीसाठी आणि दोन विंगरसाठी जमवलेला. हे सगळं डोळ्यांसमोर असताना त्या माणसाला ऐन मोसमात आणलं. उन्हाळ्यात येतो असं त्याचं म्हणणं होतं, ते त्याने स्वतः सांगितलंय. क्लबने सांगितलं, आता नाहीतर कधीच नाही. मग सराव कुठे होणार? आठवड्याला दोन-दोन सामने, आणि खेळाडू नवी रचना थेट सामन्यातच शिकतायत. त्यातून पंधरावा क्रमांक आला तर नवल ते काय! आणि ज्या युरोपा लीगच्या (युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या दर्जाची स्पर्धा) जिवावर मोसम वाचवायचा होता, तिची फायनलही बिल्बाओला टॉटनहॅमकडून 1-0 हरलो. तेव्हा टॉटनहॅम लीगमध्ये आमच्याही खाली होते.

मधल्या मधे डॅन ॲशवर्थ यांचं काय झालं तेही विसरू नका. स्पोर्टिंग डायरेक्टर, म्हणजे खेळाचं धोरण आणि खेळाडूंची खरेदी-विक्री बघणारा, म्हणून हाच माणूस हवा म्हणून क्लब महिनोन्‌महिने थांबला, न्यूकॅसलला भरपाई दिली, आणि जुलैमध्ये आलेला माणूस डिसेंबरमध्ये बाहेर. पाच महिने! ज्या पदावरच्या माणसाने दहा वर्षांचा विचार करायचा, तो पाच महिने. टेन हाग आणि त्यांचे सहकारी, शिवाय ॲशवर्थ, यांना घालवायला मिळून साडेचौदा दशलक्ष पौंड गेले. त्याच काळात क्लबने शेकडो कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केलं, उरलेल्यांचं कँटीनमधलं फुकट जेवण बंद केलं आणि मोसमाच्या मध्यावर उरलेल्या सामन्यांची तिकिटं सरसकट 66 पौंडांना केली. लहान मुलांना सवलत नाही, म्हाताऱ्यांना नाही. चुका वर बसलेल्यांनी करायच्या आणि भुर्दंड तिकीट खिडकीवर उभ्या असलेल्या आजोबांनी भरायचा. याचा संताप येणार नाही तर काय येणार?

आता खरेदीबद्दल. मॉइसच्या पहिल्याच उन्हाळ्यात फेलायनीला आणलं तेव्हाच कळायला हवं होतं. त्याच्या करारात साडेतेवीस दशलक्ष पौंडांचं रिलीज क्लॉज होतं, म्हणजे तेवढे दिले की त्याच्या क्लबला त्याला सोडावंच लागणार, ते जुलैअखेर संपत होतं. आमच्या लोकांनी ते जाऊ दिलं आणि शेवटच्या दिवशी धावाधाव करून साडेसत्तावीस दिले. तेव्हापासून हीच रीत. पोग्बाला 2012 मध्ये जाऊ दिलं, 2016 मध्ये 89 दशलक्ष देऊन परत आणलं, 2022 मध्ये पुन्हा फुकट सोडलं. मॅग्वायर 80. सँचो 73, आणि त्याला लोनवर (काही काळापुरता उसना) नेलेल्या चेल्सीने कायमचा विकत घेण्यापेक्षा पाच दशलक्षांचा दंड भरणं पसंत केलं. अँटनीसाठी ऐंशीच्या वर. कासेमिरो तिशीत आला आणि त्याला चार वर्षांचा करार. मी खेळाडूंना शिव्या देत नाहीये. कोणी एवढा पगार देऊ केला तर कोण नाही म्हणेल? अँटनी बेटिसला गेला आणि पुन्हा खेळायला लागला, यावरूनच कळतं की दोष सगळा त्याचा नव्हता.

लोक म्हणतात, मग विका ना त्यांना. विकता येत नाही, हेच तर दुखणं आहे. हिशेब समजून घ्या. खेळाडू 80 दशलक्षांना घेतला आणि पाच वर्षांचा करार केला, तर पुस्तकात दरवर्षी 16 खर्च पडतो. दोन वर्षांनी विकायला काढला तेव्हा त्याची पुस्तकी किंमत 48 उरलेली असते, आणि त्याच्याखाली विकला की तेवढा तोटा त्या वर्षी दिसतो. वर पगार इतका की दुसरा क्लब तो द्यायला तयार नाही. मग खेळाडू बसून राहतो, लोनवर जातो, शेवटी फुकट जातो. प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगच्या, 2025-26 पर्यंतच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांत मिळून 105 दशलक्षांच्या वर तोटा दाखवता येत नव्हता. मग भोक कुठून बुजवायचं? अकादमीतली, म्हणजे क्लबने लहानपणापासून घडवलेली, पोरं विकून! त्यांची पुस्तकी किंमत शून्य, त्यामुळे विकून येईल तो अख्खा नफा.

म्हणून मॅकटॉमिने गेला. लहानपणापासून आमच्याकडे वाढलेला मुलगा, 2024 च्या ऑगस्टमध्ये नापोलीला विकला. त्या मोसमात नापोली इटलीचे विजेते झाले, निर्णायक सामन्यात त्याने हवेत उडी घेऊन गोल केला, आणि सेरी आ या इटालियन लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. आमच्याकडे त्याच वर्षी मधल्या फळीत धावायला माणूस नव्हता. अकादमीतल्याच एलांगाला नॉटिंगहॅम फॉरेस्टला दिला साधारण पंधरा दशलक्षांना, त्यांनी दोन वर्षांनी न्यूकॅसलला विकला पंचावन्नला. गार्नाचो चेल्सीला गेला. ऑक्टोबर 1937 पासून युनायटेडच्या प्रत्येक सामन्याच्या संघात अकादमीतला एक तरी मुलगा असतोच. युद्ध आलं, 1958 चा म्युनिकचा विमान अपघात होऊन संघातले खेळाडू गेले, संघ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेला, पण ही परंपरा कोणी मोडली नाही. जुने मॅनेजर मॅट बझबींनी याच पोरांवर संघ उभा केला, फर्ग्युसननी याच पोरांवर केला. आणि आज अकादमीकडे हे लोक हिशेबातलं भोक बुजवायचं साधन म्हणून बघतात. माझा सगळ्यात मोठा राग यावर आहे. पंधरावे आलो याच्याहूनही मोठा.

मालकांबद्दल काय बोलायचं! ग्लेझर कुटुंबाने 2005 मध्ये क्लब घेतला तो मुख्यतः कर्ज काढून, आणि त्यातलं मोठं कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. तोवर क्लबवर कर्ज नव्हतं. तेव्हापासून दरवर्षी व्याज जातंय, आणि आमच्या ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियमचं छत मुसळधार पावसात धबधब्यासारखं गळतंय. 2010 मध्ये चाहते ग्लेझरांच्या निषेधात हिरव्या-सोनेरी स्कार्फ घालून उभे राहिले, 2021 मध्ये मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. फरक काय पडला? 2024 मध्ये भागीदार म्हणून जिम रॅटक्लिफ आले, फुटबॉलचा कारभार त्यांच्या हातात आला, तर वर सांगितलेला 2024 च्या उन्हाळ्यापासूनचा सगळा गोंधळ त्यांच्या काळातला. आणि तोंडावर सांगायला आकडा तयार: 2024-25 मध्ये क्लबचं उत्पन्न 666.5 दशलक्ष पौंड, विक्रमी! पंधराव्या आलेल्या संघाचं उत्पन्न विक्रमी. म्हणजे पैसा कमी पडला हे कारण कोणी सांगायचंच नाही.

दुसरे कसं करतात बघायला फार लांब जायची गरज नाही. आर्सेनल लागोपाठ दोन मोसम आठवे आले होते. मॅनेजर आर्टेटांना काढा म्हणून त्यांचेच चाहते ओरडत होते. 2021 च्या उन्हाळ्यात त्यांनी सहा खेळाडू घेतले, सगळे तेवीस किंवा त्याहून लहान, त्यात ओडेगार्ड होता, बेन व्हाइट होता. नंतर माजी कर्णधार ओबामेयांगला करार मोडून जाऊ दिलं, पैसे बुडाले तरी चालतील म्हणून. त्याच उन्हाळ्यात आम्ही काय केलं? रोनाल्डो, छत्तीसचा. जर्सी खपल्या, आम्ही 58 गुणांवर सहावे आलो आणि मॅनेजर नोव्हेंबरमध्येच गेला. आर्सेनल त्याच मोसमात पाचवे आणि पुढच्या मोसमात दुसरे.

तेव्हा मला काय हवंय ते सरळ सांगतो. आधी एक स्पोर्टिंग डायरेक्टर, ज्याला पाच वर्षं कोणी हात लावणार नाही. खेळायची पद्धत त्याने ठरवायची आणि तिच्यात बसणारा मॅनेजर शोधायचा. मॅनेजर गेला तरी पुढचा त्याच पद्धतीचा, म्हणजे दहा खेळाडू फेकून द्यावे लागणार नाहीत. मॅनेजरला खेळाडू नाकारायचा हक्क असावा, पण आपल्या जुन्या क्लबमधली माणसं उचलून आणायचा नाही. पंचविशीच्या पुढच्या कोणालाही चार-पाच वर्षांचा भरमसाट पगाराचा करार नको. करार संपायला दोन वर्षं उरली की एक तर नवा करार किंवा विक्री, फुकट कोणी जाता कामा नये. गोलरक्षक आणि बचावात्मक मिडफिल्डर यांच्यावर आधी खर्च करा, विंगर नंतर बघू. आणि मेनूसारख्या पोराला अकादमीतून आलाय म्हणून विकायच्या यादीत टाकायचं नाही, म्हणजे नाही!

यात दोन मोसम सातवे-आठवे आलो तरी माझी तक्रार नाही. ग्रिम्सबीसारख्या चौथ्या श्रेणीतल्या संघाकडून लीग कपमध्ये हरलेलं पाहिलंय आम्ही, त्यापुढे आठवा क्रमांक काय घेऊन बसलात? पण त्या आठव्या क्रमांकाच्या मागे काहीतरी योजना आहे, हे मला मैदानात दिसलं पाहिजे. नोव्हेंबरमध्ये चार सामने हरलो म्हणून पुन्हा मॅनेजर काढणार असाल, तर हे सगळं सुरूच करू नका आणि आम्हाला धीर धरायलाही सांगू नका.