डोपामिन असं 'रिसेट' होत नाही
एक मेसेज फिरतोय की २४ तास मोबाईल बंद ठेवला की मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन शून्यावर येऊन रिसेट होतं. असं काही होत नाही. डोपामिन शरीरात सतत बनतच असतं आणि ते साध्या हालचालीलाही लागतं, पार्किन्सन्स या आजारात ते बनवणाऱ्या पेशी मरत जातात म्हणून तर हात थरथरतात, चालणं जड होतं, मग शून्यावर आलं तर काय होईल विचार करा. २०१९ मधे 'डोपामिन फास्टिंग' (म्हणजे फोनसारख्या गोष्टींपासून ठरवून ब्रेक घेणं) गाजलं तेव्हा ते लोकप्रिय करणाऱ्या मानसशास्त्रज्ञानेच सांगितलेलं की नाव शब्दशः घेऊ नका, मुद्दा सवयींचा आहे. म्हणून ब्रेक घेऊच नका असं नाही हां, जरूर घ्या, मी रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लागले आणि झोप खरंच सुधारली, पण ती सवय बदलल्यामुळे.