‘फक्त वेळ वाढवा, झालं’ म्हणणाऱ्या करदात्यांना

अंगणवाडी आणि नोकरदार आयांवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक करदाता’ लिहितात: “घरबसल्या लिहायला काय जातं? खोली आहे, बाई आहे, खिचडी आहे. फक्त वेळ संध्याकाळी सहापर्यंत वाढवा, झालं पाळणाघर. चार तासांत कुलूप लावणाऱ्यांना पगार कशाला? आणि २६ आठवड्यांची रजा सरसकट मिळते, हे तुम्हाला सांगितलं कुणी?”

रजेचं आधी. चूक माझीच. दोन मुलं हयात असतील तर पुढच्या बाळंतपणाला १२ आठवडेच मिळतात. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. एवढंच लिहिलं असतंत तर हे उत्तर दोन ओळींत आटोपलं असतं. पण ‘बाई आहे’? तिला सेविका म्हणतात. आणि घरबसल्या म्हणाल, तर सेविकांच्या प्रशिक्षणात माझी एकोणीस वर्षं गेली आहेत. तुमची किती गेली, ते विचारत नाही.

आता तुमचं ते ‘फक्त’. अंगणवाडीच्या पटावर तान्ह्यांपासून सगळी मुलं असतात, पण रोज येऊन बसतात ती तीन ते सहा वर्षांची. सहा महिने ते तीन वर्षं वयाच्या मुलांचा आहार टीएचआर (टेक होम रेशन, म्हणजे घरी न्यायचा शिधा) म्हणून पाकिटातून घरी जातो. म्हणजे ज्या मुलासाठी कामावर जाणाऱ्या आईला पाळणाघर हवं, ते मूल त्या खोलीत एरवी बसतच नाही. तिथलं सगळं मोठ्या मुलांच्या मापाचं.

त्या खोलीत दहा महिन्यांचं बाळ आणून ठेवा. मोठ्यांना न्याहारीला उसळ किंवा शेंगदाण्याचा लाडू असतो. त्यातला एक अख्खा दाणा खाली पडला आणि रांगत्या मुलाने तोंडात घातला, तर तो श्वासनलिकेत अडकू शकतो. वरणाचं गरम पातेलं जमिनीवर ठेवलेलं असतं, सव्वा वर्षाच्या मुलाचा हात तिथे सहज पोचतो. फिनाइलची बाटली मोरीत खालीच असते. या बाळाला खिचडी मऊ कुस्करून, अर्धी वाटी, चमच्याने भरवावी लागते. एका बाळाला पंधरा-वीस मिनिटं धरा, तीन बाळांत तास गेला. ते सकाळीही झोपतं, नेमकी तेव्हाच बाकीची वीस मुलं बडबडगीतं म्हणत असतात. आईने दूध काढून ठेवलं असेल तर ते साध्या हवेत चार तासच टिकतं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून कमी. फ्रिज कुठे आहे?

हात किती, तेही मोजा. एक सेविका, एक मदतनीस. सेविकेकडे गृहभेटी, वजन-उंची, लसीकरणाचा दिवस, पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल ॲपवरच्या नोंदी. प्रकल्प कार्यालयात बैठक लागली की मागे मदतनीस एकटी. दोन बाळांचे लंगोट बदलायचे, तिसरं दाराकडे निघालेलं, आणि चौथ्याला न्यायला कुणीतरी काका आलेले. मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं, याची नावानिशी वही असल्याशिवाय पाळणाघर उघडूच नये. इथेच सगळ्यात जास्त ढिलाई होते.

हे सरकारलाही कळतं. म्हणून २०२२पासूनच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडताना वेगळी पाळणाघर सेविका आणि वेगळी मदतनीस धरली आहे, मुलं जास्तीत जास्त पंचवीस. नुसतं घड्याळ पुढे ढकलून भागलं असतं, तर हा खर्च कुणी मांडला असता?

बाकीच्या मुद्द्यांना उत्तर देण्यासारखं काही नाही. सेविकांना पगार नाही, मानधन मिळतं. केंद्राच्या हिशेबात ते २०१८पासून महिना ४५०० रुपये आहे, वर राज्य भर घालतं. तुमचा कर तिथे फार जात नाही, निश्चिंत असा.

सहापर्यंतचा आग्रह मात्र अगदीच फोल नाही, हे नाइलाजाने म्हणतो. ‘पाळणा’चं पाळणाघर दिवसाला साडेसात तास चालतं. एमआयडीसीतली पाळी आठ तासांची, वर जाण्यायेण्याचा एक तास. तो दीड तास मूल शेजारणीकडेच राहतं. याविषयी लिहिलं असतंत तर मी तुमच्याच बाजूने भांडलो असतो. तुम्हाला कुलपाचीच काळजी जास्त.